बुबुळ बदलल्यानंतरचं वर्ष : माझा अनुभव

मी सोलापुरात युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे. माझं पोट नजरेवर चालतं. मंगळवेढ्याकडे गावी ज्वारीच्या मळणीत उजव्या डोळ्यात कुसळ गेलं आणि बुबुळावर बुरशीची जखम झाली. नॅटामायसिनच्या थेंबांनी ती भरली, पण बरोबर मधोमध फूल राहिलं. त्या डोळ्याने उजेड कळायचा, समोर माणूस हलला तर सावली कळायची, बस्स. असा डाग चष्म्याने जात नाही. डॉक्टर मॅडमनी तपासून सरळ सांगितलं, "बुबुळ बदलावं लागेल."

घरी आणि कारखान्यात एकच समज, की आता आख्खा डोळा काढून दुसऱ्याचा बसवणार. "मास्तर, आता घारे होताय का काय?" असं पोरं विचारायची. डोळ्याचा रंग बुबुळामागच्या रंगीत पडद्याचा, म्हणजे आयरिसचा असतो, तो आपलाच राहतो. बदलतात ती पुढची पारदर्शक चकती, म्हणजे कॉर्निया, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची. डाग वरच्या थरात असेल तर तेवढाच थर बदलतात. काहींचा फक्त आतला पातळ थर खराब असतो. त्यांना तो बसवून आत हवेचा बुडबुडा सोडतात आणि उताणं झोपायला लावतात. माझा डाग आरपार गेलेला, म्हणून पूर्ण जाडीचं बुबुळ बदलायचं ठरलं. आई घाबरली होती. तिला मॅडमनी सांगितलं की हे काही कालपरवाचं ऑपरेशन नाही, पहिलं यशस्वी बुबुळरोपण १९०५ साली डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी केलं होतं, तेही चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुरावर.

यादीत नाव घातलं. शुगर, बीपी, डोळ्याचा दाब, अश्रूंची नळी मोकळी आहे का, सगळं तपासून ठेवलं. रक्तगट जुळवायला लागेल असं मला वाटत होतं. सहसा लागत नाही, कारण बुबुळात रक्तवाहिन्याच नसतात. मग वाट बघायची. बुबुळ कारखान्यात तयार होत नाही, कुणीतरी गेल्यावर त्याच्या घरच्यांनी हो म्हटलं तरच ते मिळतं. फोन आला तेव्हा मी टेबलावर कापडाचे थर लावत होतो. "बुबुळ आलंय, संध्याकाळी ॲडमिट व्हा."

ऑपरेशनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. डोळ्याशेजारी भुलीचं इंजेक्शन देतात, तेवढं टोचतं. नंतर तोंडावर कापड, आवाज ऐकू येतात, दुखत काही नाही. काहींना पूर्ण भूल देतात. मला उत्सुकता होती ती कटिंगची. मॅडमना विचारलं तर हसल्या, पण सांगितलं सगळं. गोल पात्याने डागाचा भाग कापतात आणि बसवायचा तुकडा भोकापेक्षा किंचित मोठा घेतात, पाव ते अर्धा मिलिमीटर. म्हणजे मार्जिन आलंच! मग दहा-शून्य नंबरच्या नायलॉनने टाके, केसापेक्षाही बारीक दोऱ्याचे. मला सोळा पडले. स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, काढलेला फोटो पाहिला तेव्हा टाके एकसारख्या अंतरावर होते. इतकं नीट काम आमच्याकडे ओव्हरटाईमला कोणी करून देत नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. सिनेमात पट्टी काढली की समोर घरची माणसं लख्ख दिसतात, तसं काही होत नाही. मला धुरकट उजेड आणि मॅडमची बोटं दिसली, तीही मोजता येईनात. डोळ्यातून पाणी आणि आत वाळू गेल्यागत टोचणी. बायको म्हणाली, "अहो, हे आधीपेक्षा वाईट नाही ना झालं?" मॅडम शांत होत्या. वरची त्वचा भरायला काही दिवस, सूज उतरायला काही आठवडे, आणि नजर स्थिर व्हायला वर्ष तरी, असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

ते वर्ष म्हणजे थेंबांचं. सुरुवातीला जवळजवळ तासा-दोन तासाला स्टिरॉईडचा थेंब, सोबत अँटिबायोटिक. स्टिरॉईडची बाटली घालण्याआधी हलवायची, औषध तळाला बसतं. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं सोडायची. बाटलीचं टोक पापणीला लावायचं नाही. रात्री प्लास्टिकचं कवच चिकटवून झोपायचं, झोपेत हात डोळ्याकडे जातोच. डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, वाकून वजन उचलायचं नाही. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावात हा शेवटचा नियम कुणाला तरी महागात पडतोच. आमच्याकडे बायकोला पडला, सगळे हंडे तिने भरले. कटिंगच्या टेबलावर सुताची धूळ असते म्हणून कामावरही उशिरा गेलो. जानेवारीत गड्ड्याची यात्रा आली. होम मैदानावर धूळ आणि गर्दी, वर शोभेच्या दारूचा धूर, म्हणून घरीच बसलो. उन्हाळ्यात कपाळाचा घाम डोळ्यात उतरायचा, त्यासाठी पंचाची घडी कपाळाला बांधायचो.

नजर सरळ वाढत जात नाही, हे मात्र कुणीतरी आधी ठणकावून सांगायला हवं. एका तपासणीला दोन ओळी जास्त वाचल्या, पुढच्या वेळी त्यातली एक गेली. टाक्यांच्या ओढीने बुबुळाचा आकार तिरका होतो आणि चष्म्याला सिलिंडर नंबर येतो. तो दर वेळी वेगळा. म्हणून घाईने महागडा चष्मा करू नये. मॅडम नकाशासारखा फोटो काढतात, जास्त ओढणारा टाका शोधून नेमका तोच काढतात. रोज एक डोळा झाकून समोरच्या दुकानाची पाटी वाचायची सवय मला लागली होती. ती सोडली तेव्हा कुठे झोप लागायला लागली.

पाटीपेक्षा लाली बघावी. डोळा लाल होणं, उजेड सहन न होणं, नजर अचानक उतरणं, दुखणं, यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. शरीर परकं बुबुळ नाकारू लागलं तर अशीच लक्षणं दिसतात. लवकर गेलं तर बहुतेक वेळा थेंब वाढवून ते आवरता येतं. हा धोका कित्येक वर्षांनंतरही राहतो. मला एका सकाळी ट्यूबलाईट टोचायला लागली, डोळा लालभडक. तसाच रिक्षाने गेलो. एक टाका सैल होऊन त्याचं टोक वर आलं होतं. बधिर करणारा थेंब घालून मॅडमनी तो सुईने तोडला आणि चिमट्याने ओढून काढला. दुखलं नाही, पण सैल टाका तसाच राहिला असता तर तिथून जंतू शिरले असते. प्रत्येक भेटीत डोळ्याचा दाबही मोजतात, कारण स्टिरॉईडने तो वाढू शकतो, मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. बरं वाटतंय म्हणून थेंब स्वतःच्या मनाने थांबवायचे नाहीत, आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणायचेही नाहीत.

आता चष्म्याने त्या डोळ्याला खडूची रेघ दिसते. कात्री चालते. सुईत दोरा मात्र अजून डाव्याच डोळ्याने ओवतो. काही टाके अजून आत आहेत, थेंब दिवसातून एकावर आलाय.

माझ्या डोळ्यात कुणाचं बुबुळ आहे हे मला सांगत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. त्यानंतर आम्ही नवरा-बायकोने नेत्रदानाचा फॉर्म भरला. नुसत्या फॉर्मने भागत नाही, माणूस गेल्यावर घरच्यांनी फोन करावा लागतो. सहा तासांच्या आत बुबुळ काढावं लागतं. तोवर पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तिला वाटलं आपले डोळे आता चालणार नाहीत. मॅडम म्हणाल्या, चालतात. तिने लगेच अंगठा दिला आणि मला बजावलं, "तू रडत बसू नकोस, आधी फोन कर."