अकराव्या दिवशी लिहिलेली तपासणी

शनिवार, रात्री उशिरा

बाविसाव्या खाटेवरच्या आजींचा एचआयव्हीचा अहवाल आज सकाळच्या राउंडला हाती आला. तीन वेगवेगळ्या किटवर तपासून रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे संसर्ग आहे. त्यांना आमच्या युनिटमध्ये दाखल होऊन बारा दिवस झाले आणि ही तपासणी मी सुचवली ती काल, अकराव्या दिवशी.

मधल्या दिवसांत त्यांच्या रक्ताचे बल्ब रोज प्रयोगशाळेत जात होते. मलेरियाचे स्मिअर, लेप्टो, कल्चर, थुंकीची सीबीनॅट म्हणजे टीबीची तपासणी, पोटाची सोनोग्राफी, सगळे झाले. डेंगीचे एनएस१ सुद्धा झाले, जे तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांतच खरे उपयोगाचे असते आणि आजींचा ताप तर तीन महिन्यांचा होता. पण मुंबईत ऑगस्ट महिन्यात ताप म्हटला की हाउसमनचा, म्हणजे शिकाऊ निवासी डॉक्टरचा, हात आपोआप तिकडे वळतो. वजन बारा किलोंनी उतरलेले, जुलाब थांबत नव्हते, तोंडात पांढरे चट्टे होते. हीच लक्षणे परीक्षेत लिहून दिली असती तर तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यानेही पहिल्या ओळीत एचआयव्ही लिहिले असते. आम्ही मात्र चट्ट्यांचा दोष आधी घेतलेल्या अँटिबायोटिकांना दिला आणि कर्करोग शोधत राहिलो. कारण समोर लालबागच्या चाळीतल्या, कपाळावर बुक्का लावणाऱ्या, चौसष्ट वर्षांच्या विधवा आजी होत्या. त्यांना असे काही विचारणे बरे दिसणार नाही, असे मला वाटले होते, हे मी इथे प्रामाणिकपणे लिहून ठेवते.

आजी दाखल झाल्या त्याच रात्री आमच्याच पुरुषांच्या वॉर्डात ट्रकवरचा एक तरुण क्लीनर न्यूमोनियाने दाखल झाला होता. त्याच्या पहिल्याच कागदावर, हिमोग्लोबिनच्या शेजारी, एचआयव्ही लिहिलेले होते. तपासणी चुकीची नव्हती, पण ती त्याच्या छातीतल्या आवाजांवरून लिहिली गेली नव्हती, त्याच्या कामधंद्यावरून लिहिली गेली होती. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला २०१७ चा एचआयव्हीविषयीचा कायदा सांगतो, की माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही. त्याला नीट समजावून सांगितले होते का, हे मी विचारले नाही. त्याचा अहवाल नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह आला आणि तो घरी गेला. म्हणजे एकाला कदाचित न विचारताच तपासले आणि दुसरीला विचारण्याचा संकोच वाटला म्हणून तपासलेच नाही. दोन्ही निर्णय आजार पाहून झालेले नव्हते, माणूस पाहून झालेले होते.

गरोदर स्त्रियांना आणि टीबीच्या रुग्णांना ही तपासणी सरसकट सुचवायची, असा राष्ट्रीय कार्यक्रमाचा नियम आहे. आजींच्या थुंकीत टीबी सापडला असता, तर माझ्या मनात काहीही असले तरी त्या नियमाने त्यांना पहिल्याच आठवड्यात आयसीटीसीपर्यंत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रापर्यंत, नेले असते. सीबीनॅट निगेटिव्ह आली आणि नियमाची वाट तिथे संपली. पुढे सारे आमच्या नजरेवर राहिले. शस्त्रक्रियेच्या विभागांत याच्या उलट घडते. तिथे तपासणी बहुधा स्वतःच्या भीतीपोटी मागवली जाते. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तरी संसर्गाची शक्यता साधारण ०.३ टक्के असते, ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषधे सुरू करता येतात आणि हातमोजे तर प्रत्येकच रुग्णासाठी घालायचे असतात, हे सर्वांना ठाऊक असूनही ती भीती जात नाही.

काल दुपारी पडदा ओढून मी आजींपाशी बसले आणि तपासणीविषयी सांगितले. त्यांना धक्का बसेल अशी माझी समजूत होती. त्या थोडा वेळ छताकडे पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "मॅडम, आमचे मालक असेच वाळत गेले होते. दहा वर्षं झाली. तेव्हाचे डॉक्टर माझ्या दिराला बाजूला घेऊन काहीतरी बोलले, मला कुणी काही सांगितलं नाही. तुम्ही आल्या दिवशी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

केसपेपरवर आम्ही 'पती मृत' एवढे दोनच शब्द लिहिले होते. ते कशाने गेले, हे विचारायला एक मिनिट पुरले असते. दहा वर्षांपूर्वी दिराला बाजूला घेणाऱ्या त्या डॉक्टरांचा मला काल राग आला होता. आज अहवाल वाचताना तो राग तसा टिकला नाही, कारण त्यांनी आजींना जे सांगितले नाही तेच मीही अकरा दिवस विचारले नव्हते.

प्रतिकारशक्ती किती उरली आहे ते दाखवणाऱ्या सीडी४ तपासणीसाठी बल्ब आज पाठवला आहे. टीबी नाही याची पुन्हा एकदा खात्री करून एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधे, सुरू होईल. संध्याकाळी मुलाने जिन्यात मला थांबवून विचारले, "आईला नक्की झालंय काय?" आजींच्या संमतीशिवाय मला ते सांगता येत नव्हते, म्हणून अजून तपासण्या चालू आहेत, इतकेच म्हणाले. आजींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, की मुलाला त्या स्वतःच सांगतील, फक्त त्या वेळी मी शेजारी उभी असावे. तो सोमवारी दुपारी चार वाजता, भेटीच्या वेळेत येणार आहे.