लोंडोच्या हातातला पेला

काल दुपारी वहिनी बेसनाचे लाडू घेऊन आल्या, आणि त्याच सकाळी मी वकिलांकडे सही करून कागद पाठवला होता. मी डबा घेतला, चहा केला, त्या गेल्या. घडले एवढेच.

रात्री झोप येईना म्हणून ‘बॅबिलॉन ५’ या अवकाशातल्या दूरचित्रवाणी मालिकेचा १९९५ सालचा ‘द कमिंग ऑफ शॅडोज’ हा भाग पुन्हा लावला. आजवर तो भाग मला नार्नांचा राजदूत जी’कार याचा वाटत आला होता. काल तो सेंटॉरींचा राजदूत लोंडो याचा निघाला.

सेंटॉरी आणि नार्न या मालिकेतल्या दोन परग्रही जमाती; सेंटॉरींनी नार्न लोकांना गुलाम केले होते. जी’कारच्या वडिलांना तर मालकिणीच्या अंगावर गरम पेय सांडले एवढ्यावरून झाडाला टांगून मारले होते. सेंटॉरींचा म्हातारा सम्राट त्या साऱ्याची माफी मागायला आला होता हे कळल्यावर, त्याच सम्राटाचा जीव घ्यायला निघालेला जी’कार हरखून जातो आणि लोंडोला शोधत येऊन त्याला पेय पाजतो. लोंडो मात्र नार्न वसाहतीवर हल्ला करण्याचा निरोप आधीच धाडून बसलेला असतो. तो नाही म्हणत नाही. पेला घेतो.

तो नाही का म्हणत नाही? काल मी हे दृश्य चारदा पाहिले. नकार द्यायचा तर कारण सांगावे लागेल, म्हणून? की समोरच्याच्या चेहऱ्यावरचा आनंद आणखी क्षणभर तसाच राहावा, म्हणून? जी’कारची भूमिका करणाऱ्या, रबराच्या मुखवट्याआड गेलेल्या आंद्रेआस कात्सुलासच्या चेहऱ्यात हलते असे फारसे काही उरलेले नाही, आणि तरीही तो आनंद इतका उघडा दिसतो की लोंडोकडे पाहवत नाही. अवकाशातले युद्ध अजून कोणाला कळलेलेही नसते, आणि माझ्यापुरते ते त्या पेल्यापाशीच सुरू होते.

मला कोणी विचारले नव्हते. घराचे सगळे ठरले तेव्हा दादाने मला एक फोनसुद्धा केला नाही, आणि आईच्या आजारपणात इतक्या रात्री कोण जागले ते तर... असो. लोंडोलाही असेच वाटत असणार: आपल्या लोकांचे गेलेले वैभव, आपल्याला कोणी मोजत नाही याचे दुःख. त्याचे दुःख खरे आहे, हे ही मालिका कधीच नाकारत नाही, आणि तरी त्याला सोडतही नाही. ११० भागांपैकी ९२ भाग जे. मायकल स्ट्राझिन्स्की या एकाच माणसाने लिहिले, म्हणून असेल, तो पेला पुढे कोणी विसरत नाही. नार्नांच्या ग्रहावर पाषाणांचा मारा होताना लोंडो खिडकीशी उभा राहून पाहतो, तेव्हाही मला त्याच्या हातात तोच पेला दिसतो. पुढे दोघे म्हातारे होऊन एकमेकांचे गळे धरणार, हे स्वप्न तर लोंडो अगदी सुरुवातीलाच सांगून टाकतो. शेवट ठाऊक असूनही मी पाहत राहते, कारण मधल्या प्रत्येक वळणावर त्याला वेगळे वागता आले असते.

सही मी मागे घेणार नाही. तो माझा हक्क आहे, आणि वहिनींचे लाडू चांगले झाले होते. या दोन्ही गोष्टी आता माझ्याच घरात राहणार आहेत.

उद्या डबा परत द्यायला जाते. रिकामा डबा पाठवू नये, असे आई म्हणायची. त्यात काय भरायचे, ते अजून सुचलेले नाही.