मैफल नाही, मग पहाटे तंबोरा कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते. कार्यक्रम बंद झाले, शिकवण्या कधी घेतल्या नाहीत, मग रोज पहाटे तंबोरा जुळवून खर्ज कशासाठी लावता, असं नणंद विचारते, वरच्या मजल्यावरच्या काकू विचारतात, भाची तर दर सुट्टीत विचारते. तिचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मावशी, त्यानं मन शांत होतं ना?"

नाही होत. निदान दर वेळी नाही. आई गेली त्या वर्षी तंबोऱ्याशी बसून मी नुसती धुमसत असायचे. खर्जाची तार, म्हणजे सगळ्यांत खालच्या सा ची तार, सुरात वाजत असली की आपला सा जराही उतरलेला असला तरी लपत नाही. झोप झालेली नाही, घरात काल बोलाचाली झाली, सर्दी बसतेय, सगळं पहिल्या काही मिनिटांत उघडं पडतं. याला शांती म्हणायची असेल तर म्हणा. मला तेवढ्यानं आजची आपली अवस्था कळते, आणि ती कळल्याशिवाय दिवसाला हात घालवत नाही.

लग्न, बदल्या, मुलं, आजारपणं यांतून रियाज कसा टिकला ते तुम्ही पाहिलंच आहे. त्याचं श्रेय मला नको. सासूबाई माझ्याआधी उठून दूध तापवायच्या, म्हणून तो टिकला. पण थायरॉइडच्या ऑपरेशननंतरचं मी कुणाशी धड बोलले नाही.

गाठ साधीच निघाली. शुद्धीवर आले, नर्सनं नाव विचारलं, आणि तोंडातून नुसती हवा आली. पाण्याच्या घोटाला ठसका लागायचा. सूज आहे, उतरेल, असं सगळे म्हणत होते. पुढे नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पडद्यावर दाखवलं: उजवा स्वरतंतू हलतोय, डावा जागचा हलत नाही. डाव्या बाजूची नस मेंदूकडून थेट घशात येत नाही म्हणे. ती छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालून पुन्हा वर चढते आणि थायरॉइडच्या मागून स्वरयंत्रात शिरते. ऑपरेशनमध्ये ती दुखावू शकते, हे मी सही केलेल्या कागदावर लिहिलेलंही होतं. बऱ्याच जणांची काही महिन्यांत, वर्षभरात सुधारते, डॉक्टर म्हणाले, काहींची नाही सुधारत. तुमचं आत्ता सांगता येणार नाही.

घरी आल्यावर पहाटे गवसणी काढली. हे म्हणाले, "आता कशाला? विश्रांती घे." तोंडानं सा लावून बघायची सोय नव्हती, नुसत्या कानावर जुळवायचं होतं. पंचमाची तार झाली, मधल्या सा च्या दोन तारांची जोडी झाली, खर्जाशी अडलं. सूर बारीक जुळवायचा तारेतला मणी खाली घेतला, वर घेतला. मग तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवरचा, तारेखालचा दोरा केसभर पुढे सरकवला, तार छेडली, परत मागे घेतला. चारांतली एकही तार गंधारात लावलेली नसते, पण खर्ज खरा जुळला आणि दोरा जागी बसला की त्या तारेतून आपोआप गंधार ऐकू येतो. गळा चालत होता तेव्हा तो कानावर पडला न पडला की मी गायलाच सुरुवात करायचे. त्या दिवशी गायचं काही नव्हतं. गंधार खोलीभर लख्ख ऐकू येत होता, आणि मला त्याचा राग आला. माझ्यावाचून त्याचं काही अडलं नव्हतं. मी तंबोरा भिंतीला टेकवून ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी परत जुळवायला घेतला. का, ते मला आजही सांगता येत नाही. सवय म्हणाल, तर हो, सवय असेल. भीतीही असेल, की हे सुटलं तर हातात काहीच उरणार नाही.

विशीत मी ठासून सांगायचे की गळा हीच साधना, जुळवणं ही नुसती तयारी. त्या मुलीचं म्हणणं मला आजही खोडता येत नाही. गाता येत नसताना बसणं गाण्याच्या तोडीचं नव्हतं, रोज पोटात आग पडायची. पण सगळं गळ्यासाठीच होतं, तर गळा नसताना मी का बसत होते? याचं उत्तर तिच्याकडे नाही आणि माझ्याकडेही नाही.

आवाज हळूहळू आला, खालून आला. साधनेनं परत आला असं कृपा करून म्हणू नका. नस सुधारली, आवाजाचे व्यायाम लागू पडले. त्याच दवाखान्यात माझ्याबरोबर एक शाळेतल्या बाई यायच्या. माझ्यापेक्षा मन लावून व्यायाम करायच्या, त्यांचा आला नाही. त्यांची श्रद्धा कमी पडली असं म्हणायची माझी हिंमत नाही.

माझी पट्टी, म्हणजे ज्या सुराला मी सा धरते तो सूर, मात्र उतरली. पेटीवरच्या काळी चारची पांढरी चार झाली. तार सप्तकातल्या गंधारालाच ओढ बसते, म्हणून कार्यक्रम नाहीत. नव्या पट्टीत जुन्या तारा ढिल्या पडून भणभणायला लागल्या, तेव्हा तंबोरा मिरजेला सतारमेकर गल्लीत नेला. ते 2024 साल. मिरजेच्या तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं होतं, गल्लीत त्याचंच कौतुक चाललं होतं, आणि मी पट्टी उतरवून घ्यायला आले होते. कारागिरांनी काही विचारलं नाही. जाड तारा चढवल्या, जवारी नव्यानं काढली, म्हणजे तार गुंजावी म्हणून घोडी घासून दिली, आणि म्हणाले, "आता खाली बघा कसा बोलतो." खरंच बोलतो. मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या पंचमाला मी पूर्वी कधी इतकी जागा दिली नव्हती. तरीही वरचा पंचम परत देतो म्हणालात तर मी आज हे सगळं सोडून तो घेईन.

फोनवरचा तंबोरा चालत नाही का, असं भाची विचारते. चालतो, गावाला गेले की मीही लावते. पण तो आयता जुळलेला मिळतो. इथे पावसाळ्यात हवा दमट झाली की तारा जाग्यावर राहत नाहीत, कधी सगळी पहाट जुळवण्यातच जाते आणि गायचं राहून जातं. त्या दिवशीही मी बसलेलीच असते. काकू, आवाजाचा त्रास होत असेल तर तसं सांगा, मी खिडकी लावून घेईन. कशासाठी ते मात्र आता विचारू नका. होतं तेवढं सांगून झालं.