काकूंच्या बंदुकीची शिडी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या त्या वाड्यात मी पोचलो तेव्हा बंदूक खुंटीवरून उतरवून पलंगावर जुन्या चादरीवर ठेवली होती. काकूंचं वय चौऱ्याऐंशी. त्यांच्या नातवाला १८ जूनला, झाशीच्या राणीच्या पुण्यतिथीला, ती शाळेच्या प्रदर्शनात मांडायची होती. पाटीसुद्धा तयार होती: "१८५७ ची एनफील्ड रायफल". मी फक्त हो म्हणायचं होतं. काही वर्षांपूर्वी जुन्या वस्तूंची यादी करणारे कुणी येऊन तसं लिहून गेले होते.

मी बावीस वर्षं फौजेत आर्मोरर, म्हणजे हत्यारं तपासणारा-दुरुस्त करणारा, होतो. आता ग्वाल्हेरात राहतो, आणि जुनी हत्यारं दाखवायला लोक बोलावतात. अशा वेळी पहिलं काम एकच, नळी रिकामी आहे ना हे बघणं. गज आत सोडायचा, नळीच्या तोंडाशी त्यावर नखाने खूण करायची, मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघायचा. टोक पार मागे, बंदुकीच्या कानापर्यंत (ठिणगी आत शिरते त्या छिद्रापर्यंत) आलं तर आत काही नाही. पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर टांगलेल्या बंदुकीत दारू-गोळी तशीच असल्याचं मी दोनदा पाहिलंय. दोन्ही घरांत मुलं तिच्याशी खेळत होती. ही रिकामी निघाली.

मग गजाला घट्ट चिंधी गुंडाळून पुन्हा आत सारला. एनफील्डच्या १८५३ च्या नमुन्याला नळीत तीन आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार खाचा, असतात आणि ७८ इंचांत त्यांचा एक पूर्ण फेरा होतो. नळी ३९ इंचांची. म्हणजे चिंधी आट्यांत बसली की तळापर्यंत जाताना गज हातात बरोबर अर्धा वळतो. मोठ्या रेजिमेंटच्या कोतातली (शस्त्रागारातली) असो की वाड्यातली, हे कधी चुकत नाही. इथे गज सरळ गेला. पुन्हा केलं, पुन्हा सरळ. नळीच्या तोंडाला कॅलिपर लावला तर १६.७ मिलिमीटर भरले. रायफल असती तर १४.७ च्या आसपास भरले असते.

यादी करणाऱ्यांनी नळीत बोट जरी घातलं असतं तरी कळलं असतं. आपल्याकडे हत्यारांच्या याद्या करतात त्या हत्याराला हात न लावता, घरच्यांनी सांगितलेलं टिपून. याचा मला मनापासून राग येतो.

नातू म्हणाला, "काका, पण ही एनफील्ड तर आहे ना?"

आहे. तीन कड्या, दस्ता, घोडा, सगळं एनफील्डचं. पण ती कुठली एनफील्ड, हे त्याला सांगताना मला दोनदा थांबावं लागलं. १८५७ च्या सुरुवातीला नव्या रायफली हिंदी पलटणींना वाटल्याच नव्हत्या. दमदम, अंबाला, सियालकोट इथल्या डेपोंत निवडक शिपायांना त्यांचं शिक्षण चालू होतं, आणि काडतुसांवरून भडका उडाला तो तिथूनच. बहुतेकांच्या हातात जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुका होत्या. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी ठरवलं की हिंदी शिपायाला दूरवर अचूक मारा करणारं हत्यार द्यायचंच नाही. म्हणून १८५८ मध्ये त्यांनी खास हिंदी पलटणींसाठी नमुना काढला. दिसायला हुबेहूब एनफील्ड, पण नळीचं भोक .५७७ वरून .६५६ इंच केलेलं, आत आटे नाहीत. भोक वाढवल्याने नळीची भिंत पातळ झाली, तेव्हा १८५९ मध्ये जाड नळीचा नमुना आणला. आणि बॅकसाइट, म्हणजे नळीवरची नेम धरायची मागची खूण, बदलली. रायफलीवर ९०० यार्डांपर्यंतचे आकडे असलेली, उभी करता येणारी शिडी असे. तिच्या जागी खाच पाडलेला लोखंडाचा एक ठोकळा बसवला. लांबचा नेम धरायची सोयच काढून घेतली. नळी आंधळी केली, तिचा डोळाही बुजवला. पुढे कित्येक वर्षं हाच हिशेब चालला: गोऱ्या पलटणींना नवी मार्टिनी-हेन्री रायफल मिळाली तेव्हा हिंदी पलटणींकडे जुनी पडलेली स्नायडर आली.

म्हणजे काकूंची बंदूक तात्या टोप्यांच्या किंवा राणीच्या फौजेतली असूच शकत नव्हती. ती उठावानंतर, उठावाच्या भीतीने घडवलेली. मी तसं म्हणताच नातवाचा चेहरा उतरला. काकू काहीच बोलल्या नाहीत.

पण मग बॅकसाइटचं काय? या बंदुकीवर ठोकळा नव्हता. शिडी होती.

माझा पहिला तर्क सरळ होता: एखाद्या विक्रेत्याने भाव वाढवायला रायफलीची शिडी चिकटवली असणार. असले फेरफार मी पाहिलेत. साइट बदलली की जोडाजवळ रंग बोलतो, नळीवरचा जुना काळसर गंज आणि जोडाच्या कडेचा गंज एका वयाचे नसतात. रॉकेल आणि अगदी बारीक स्टीलवूल घेऊन मी शिडीची बैठक हळूहळू साफ करू लागलो. (एका ओळखीच्या कारागिराने आधी सुचवलं होतं की बफ मारून चकचकीत करू. तसं केलं असतं तर पुढचं काहीच दिसलं नसतं.) बैठकीखाली जुना ठोकळा होता. काढून टाकलेला नव्हता, कानशीने सपाट घासून त्यावरच नवी बैठक पितळी डागाने बसवली होती. कानशीचे ओरखडे सगळे एका दिशेने, एका दाबाचे. हात जाणत्याचा होता. फक्त नळीला एवढी आच द्यायला नको होती, हे त्याला कुणी सांगितलं नसावं.

शिडीवरची हळदकुंकवाची पुटं निघाली तेव्हा आकडे दिसले. १, २, ३, ४, ५. छिन्नीने कोरलेले, देवनागरीत.

आणि त्यांमधली अंतरं सारखी. प्रत्येक बरोबर चार मिलिमीटर. खऱ्या शिडीवर असं कधीच नसतं. गोळी जितकी दूर जाते तितकी ती झपाट्याने खाली येते, म्हणून वरच्या आकड्यांमधली अंतरं वाढत जातात. ज्याने ही शिडी घडवली त्याने रायफलीची शिडी पाहिली होती, ती चालवलेली नव्हती. किंवा गोळी झाडून आकडे ताडून बघायची संधी त्याला मिळाली नव्हती.

विक्रेत्याने देवनागरी आकडे कशाला कोरले असते? त्याला तर विलायती दिसायला हवी होती. हा प्रश्न मी त्याच वेळी मोठ्याने विचारला, आणि काकू पहिल्यांदा बोलल्या.

"सासरे खंडेनवमीला ती शिडी उभी करायचे. हमेशा. हळदकुंकू लावायचं आणि पुन्हा आडवी करायची. त्यांच्या वडिलांनीही तसंच केलेलं."

मला वाटलं, मिळालं उत्तर. घरी येऊन फोटो मोठे करून पाहिले. शिडीच्या बिजागरीची खीळ आणि तिचं भोक, दोन्ही झिजलेली होती. भोक गोल राहिलंच नव्हतं, अंड्यासारखं लांबट झालं होतं. वर्षातून एकदा, दीडशे वर्षं उचलली तरी लोखंड असं झिजत नाही. ही शिडी कुणीतरी रोज उचलली होती, महिनोन्‌महिने, कदाचित वर्षानुवर्षं. आत आटे नसलेल्या, शंभर यार्डांपलीकडे भरवसा नसलेल्या बंदुकीची.

नातवासाठी पाटी मी नव्याने लिहून दिली: "१८५८-५९ च्या नमुन्याची एनफील्ड, हिंदी पलटणींसाठी, गुळगुळीत नळी. बॅकसाइट नंतर बदललेली, स्थानिक काम." काकूंनी ती वाचून घेतली आणि विचारलं, "फेरफार असं नाही लिहिलंस?" मी म्हटलं, नाही. तो शब्द आम्ही गुन्ह्यासाठी वापरतो.

प्रदर्शन होऊन गेलं. मी शिडीवर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने तिचा ठसा घेतला होता, तो अजून टेबलाच्या काचेखाली आहे. ५ च्या वर आणखी एक रेघ आहे, तिच्यापुढे आकडा नाही. छिन्नी टेकवल्याची खूण मात्र आहे.