जिंजाच्या काठावर सिदी मुबारकची आठवण

युगांडातल्या जिंजाहून होडी निघाली तेव्हा खालचं पाणी सरोवराचं की नदीचं, कळेना. मग होडीवाल्याने इंजिन बंद केलं. होडी आपसूक उत्तरेकडे सरकू लागली, काठाला कडेने भोवरे दिसू लागले. "कियिरा," तो म्हणाला. नाईलचं हे इथलं नाव. सरोवर म्हणजे नालुबाले. व्हिक्टोरिया हे नाव इंग्रज प्रवासी जॉन स्पीकचं.

२८ जुलै १८६२ रोजी स्पीक इथल्या धबधब्यासमोर, नाईल सरोवरातून बाहेर पडते तिथे, उभा होता. १९५४ मध्ये खाली धरण पूर्ण झालं आणि धबधबा बुडाला. पलीकडच्या काठावर स्पीकचा स्तंभ आहे.

त्याआधी, १८५७ मध्ये, स्पीक आणि दुसरा इंग्रज प्रवासी रिचर्ड बर्टन नाईलचा उगम शोधायला एकत्र निघाले होते. टांगानिका सरोवराला पोचले तेव्हा बर्टनला चालवत नव्हतं, स्पीकला धड दिसत नव्हतं. परतताना बर्टन आजारी म्हणून वाटेतल्या काझे गावी थांबला, स्पीक उत्तरेला गेला आणि ३ ऑगस्ट १८५८ ला हे सरोवर पाहून आला. नाईल इथूनच निघते, तो म्हणाला. पुरावा काय, बर्टनने विचारलं, आणि ते विचारणं रास्तच होतं. पण स्पीक लंडनला आधी पोचला, मान त्याला मिळाला आणि मैत्री संपली. सप्टेंबर १८६४ मध्ये इंग्लंडमधल्या बाथला दोघं जाहीर वादात समोरासमोर येणार होते. आदल्या दिवशी शिकारीत स्वतःच्याच बंदुकीची गोळी लागून स्पीक गेला.

मी नाशिकची. तिथल्या शरणपूरच्या मिशनमधली, गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकी मुलं लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेच्या मोहिमेवर गेली, हे लहानपणापासून ऐकलेलं. म्हणून मला इथे आठवत होता सिदी मुबारक बॉम्बे. याओ जमातीचा हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, गुजरातेत वाढला, मालक वारल्यावर सुटून आफ्रिकेत परतला आणि बर्टन-स्पीकच्या मोहिमेत सामील झाला. बर्टन मराठीचीसुद्धा परीक्षा पास झालेला, बहुभाषी. स्पीकला मात्र ना अरबी येत होती ना स्वाहिली. तो बॉम्बेशी हिंदुस्तानीत बोलायचा आणि बॉम्बे ते पुढे गावकऱ्यांना सांगायचा. या सरोवराबद्दल स्पीकने जे जे विचारलं, ते आपल्या ओळखीच्या बोलीतून गेलं! पुढे स्टॅन्ली आणि कॅमेरॉन या प्रवाशांबरोबरही बॉम्बेच होता.

स्पीकच्या दुसऱ्या खेपेलाही बॉम्बे बरोबर होता. १८६२ मध्ये, धबधब्याच्या आठवडाभर आधी, नाईल पहिल्यांदा दिसली, तेव्हा स्पीकने माणसांना या पवित्र नदीत स्नान करायला सांगितलं. बॉम्बेचं उत्तर त्याने रोजनिशीत लिहून ठेवलंय: तुमच्यासारखं आम्ही या गोष्टींकडे पाहत नाही, रोजचं साधं आयुष्य आम्हाला पुरतं.

होडीवाल्याने इंजिन चालू केलं. मी ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. गार होतं.