घरचा २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर: ४८३ वेढे उलगडले, ६५४ भरले

पहिला ट्रान्सफॉर्मर रविवारी पूर्ण उलगडला. बेंच सप्लायसाठी (टेबलावर सर्किट तपासायच्या वीजपुरवठ्यासाठी) २४ व्होल्ट, ५ अँपिअरचा हवा होता. भंगारातल्या जुन्या स्टॅबिलायझरची ई-आय स्टँपिंग (E आणि I आकाराच्या लोखंडी पट्ट्या) मिळाली, तिच्यावर प्रायमरीचे (मेनला जोडायच्या तारेचे) ४८३ वेढे घातले होते. सेकंडरी (जिच्यातून २४ व्होल्ट घ्यायचे ती तार) मोकळी ठेवून नुसता मेनला लावला तरी अर्ध्या तासात हात ठेववत नव्हता, आणि घुमणं शेजारच्या खोलीत ऐकू येत होतं. २३० व्होल्टला रिकामा करंट ३१० मिलिअँपिअर. रात्री उशिरा आमच्याकडे व्होल्टेज २४५ वर जातं, तेव्हा तोच ४८०.

व्होल्टेज साडेसहा टक्क्यांनी वाढलं आणि करंट दीडपट झाला, यावरूनच निदान झालं. कोअर (मधला लोखंडी गाभा) सॅच्युरेट होत होता, म्हणजे त्यात मावेल त्याहून जास्त फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) मी भरू बघत होतो.

आपल्यातल्या बऱ्याच जणांची इथे गल्लत होते, माझीही होती: जास्त लोड ओढला की कोअर सॅच्युरेट होतो, असं आपण धरून चालतो. पण सेकंडरीतून करंट वाहू लागला की प्रायमरी त्या प्रमाणात जादा करंट घेऊन त्याचा परिणाम खोडून काढते. उलट भरलोडवर प्रायमरीच्या तारेतच थोडं व्होल्टेज पडतं, म्हणून फ्लक्स किंचित कमीच होतो. फ्लक्स किती हे ठरतं व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी, वेढे आणि कोअरचं क्षेत्रफळ या चार गोष्टींवर. व्होल्ट = ४.४४ × फ्रिक्वेन्सी × वेढे × टेस्ला × चौरस मीटर. टेस्ला म्हणजे फ्लक्सची दाटी मोजायचं एकक. ५० हर्ट्झला याचं सुटसुटीत रूप असं: दर व्होल्टला वेढे = ४५ भागिले (टेस्ला × चौरस सेंटिमीटर).

माझ्या कोअरचा मधला पाय ३८ मिमी रुंद, थर ४० मिमी. पट्ट्यांवरचा इन्सुलेशनचा लेप आणि फटी यांचे पाच टक्के वजा केले की १४.४ चौ. सेंमी उरतात. मी १.५ टेस्ला धरले होते, म्हणून दर व्होल्टला २.१ वेढे आले आणि प्रायमरी ४८३ वर थांबली.

चूक त्या १.५ मध्ये होती. तो आकडा मी सीआरजीओ पत्र्याच्या (कणांची दिशा एका रांगेत आणलेल्या सिलिकॉन-लोखंडाच्या) माहितीतून उचलला होता. शुद्ध लोखंडात सुमारे तीन टक्के सिलिकॉन मिसळलं की त्याचा विद्युतरोध कित्येक पटींनी वाढतो आणि एडी करंटचा (पत्र्यातच गोल फिरून तो तापवणाऱ्या करंटचा) लॉस घटतो. त्याहून फार जास्त घातलं तर पत्रा ठिसूळ होतो. १९३४ साली नॉर्मन गॉस यांना पेटंट मिळालं ते यातल्या कणांची दिशा लाटताना एका रांगेत आणण्याचं. पण हा पत्रा चांगला चालतो तो लाटल्याच्या दिशेनेच. ई-आय आकारात फ्लक्सला कोपऱ्यावर वळावं लागतं आणि काही भागात कणांना आडवं जावं लागतं. पूर्ण फायदा मिळतो टोरॉइडमध्ये (कड्याच्या आकाराच्या कोअरमध्ये), कारण तिथे पट्टी गुंडाळलेलीच असते. आणि माझी स्टँपिंग तर ०.५ मिमी जाडीची, साधी नॉन-ओरिएंटेड, म्हणजे कणांना ठरावीक दिशा नसलेली. तिला १.१ टेस्लाच्या आसपास ठेवणं बरं.

एका मित्राने विचारलं, कॉम्प्युटर सप्लायमधला फेराइट (लोखंडाच्या ऑक्साइडचा, सिरॅमिकसारखा) कोअर का नाही वापरत? फेराइटचा विद्युतरोध प्रचंड, म्हणून उंच फ्रिक्वेन्सीला त्याला तोड नाही. पण तो ०.४ टेस्लाच्या आसपासच सॅच्युरेट होतो. १ चौ. सेंमीचा फेराइट ०.३ टेस्लावर चालवायचा तर ५० हर्ट्झला २३० व्होल्टसाठी सुमारे ३४,५०० वेढे लागतील. ५० किलोहर्ट्झला तेच काम पस्तीसेक वेढ्यांत होतं. मोबाइलचा चार्जर एवढासा असतो, तो यामुळेच.

आता दुसरा प्रयत्न. १.१ टेस्ला धरून प्रायमरी ६५४ वेढे, तार २४ गेज. सेकंडरी ७२ वेढे, १६ गेज. लोडवर पडणारं व्होल्टेज भरून काढायला सेकंडरीत चार वेढे जास्त धरले आहेत. प्रायमरीचे आठ थर झाले, प्रत्येक थरावर लेदरॉइड पेपर (इन्सुलेशनचा कागद). प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये मात्र तीन घड्या, तिथे काटकसर नको.

पट्ट्या भरायला वायंडिंगपेक्षा जास्त वेळ लागला. एक ई उजवीकडून, पुढची डावीकडून. दोन-दोन एकदम घातल्या की काम झटपट होतं, पण जोडावरची फट वाढते आणि रिकामा करंटही वाढतो, म्हणून एकेकच घातली. गंज आलेल्या पट्ट्या नुसत्या फडक्याने पुसल्या. पॉलिश पेपर मारला तर लेप जातो, पट्ट्या एकमेकींना चिकटून शॉर्ट होतात आणि पातळ पट्ट्या वापरण्याचा उद्देशच संपतो. शेवटच्या चार लाकडी ठोकळा धरून हळूहळू ठोकल्या. एक वाकली, ती बाजूला काढली आणि दुसरी घातली.

पहिल्यांदा १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून चालू केला, म्हणजे कुठे शॉर्ट असेल तर नुसता बल्ब पेटेल. बल्बची तार लालसुद्धा झाली नाही. मग थेट मेनवर: रिकामा करंट ५८ मिलिअँपिअर, रात्री २४५ ला ७० च्या आत. सेकंडरी रिकामी असताना २५.३ व्होल्ट, ५ अँपिअर ओढल्यावर २४.१. तासभर चालवून हात ठेवला, कोमट होता. कान लावला तर १०० हर्ट्झचा बारीक आवाज येतो, कारण प्रत्येक सायकलमध्ये पट्ट्या दोनदा ताणल्या जातात. वार्निश अजून पाजलेलं नाही. या शनिवारी ते करून पुन्हा कान लावणार आहे.