आमची वाटचाल: लावली किती, तोडली किती

सुरुवातीला आमचं काम म्हणजे साधी नर्सरी, खुंटावर (खालच्या मुळं असलेल्या रोपावर) डोळे भरायचे, म्हणजे हव्या झाडाची फुटव्याची कळी बसवायची, आणि पीचची कलमं विकायची, बस. पण दरवर्षी तीच तक्रार, फळ दिसायला लालबुंद आणि खायला पाणचट, आणि जे चवीला चांगलं ते दोन दिवसांत मऊ पडून डागाळतं. मग मी आणि धाकट्या भावाने ठरवलं, आपणच संकर करून बघू.

पहिलं वर्ष पूर्ण वाया. पीचचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागाने फळतं, आणि आम्ही मात्र उमललेल्या फुलांवर मोठ्या भक्तिभावाने दुसऱ्या झाडाच्या परागाचा ब्रश फिरवत बसलो, आत आधीच काम उरकलेलं. रोपं निघाली ती सगळी आईचीच, म्हणजे ज्या झाडाचं फूल त्याचीच. नंतर कळलं की कळी फुगून उघडायच्या बेतात असते तेव्हाच नखाने तिच्या वाटीची कड खुडायची, पुंकेसर त्या कडेलाच असतात म्हणून पाकळ्यांसकट सगळं एकदम निघतं आणि मधे फक्त स्त्रीकेसर उरतो (हात बसला नसेल तर तोही तुटतो, भावाची नखं या कामाला माझ्यापेक्षा बरी).

दुसरा फटका कोयींचा. लवकर पिकणारं झाड आई म्हणून घेतलं, फळं छान लागली, कोयी ओल्या वाळूत घालून फ्रिजमधे ४-५ अंशांवर ३ महिने ठेवल्या आणि उगवलं जवळजवळ काहीच नाही. फोडून बघतो तर आत बी चिपाड! लवकरच्या जातीत गर आधी पिकतो, गर्भ तोवर कच्चाच असतो. लॅबमधे तो काढून वाढवता येतो म्हणे, पण आमच्याकडे कुठली लॅब, आम्ही नातंच उलटं केलं, उशिराचं झाड आई आणि लवकरचं बाप.

नेक्टरिनने तर खूपच परीक्षा बघितली. ते वेगळं फळ नाहीच, लव नसलेलं पीच, पण तो गुण दबून राहणारा. पीचशी संकर केला, ३ वर्षं थांबलो, फळं आली ती एकूण एक लव असलेली, भाऊ म्हणाला फसलो आपण. त्याच झाडांना स्वतःच्याच परागाने फळू दिलं, त्यांच्या कोयी लावल्या, परत ३ वर्षं, तेव्हा कुठे साधारण चारात एक गुळगुळीत निघालं.

चवीच्या बाबतीत मी बराच काळ रिफ्रॅक्टोमीटरचा (रसातली गोडी मोजायच्या यंत्राचा) गुलाम होतो. ब्रिक्स, म्हणजे त्यावरचा गोडीचा आकडा, चांगला दिसला की झाड ठेवायचं. पण दोन झाडांचं रीडिंग सारखं असून एक मस्त आणि एक नुसतं गुळचट लागायचं, फरक आंबटपणाचा. आता आधी खातो, मग मशीन. गर दाबून घट्टपणा बघतो, कोय गरापासून सुटते का बघतो, आणि बहुतेक झाडं तोडतो. वाईट वाटतं, पण जागा अडते.

सध्या एकच झाड मनात भरलंय. कोयीतून तसंच झाड येत नाही म्हणून त्याचे डोळे वेगवेगळ्या खुंटांवर भरलेत. विक्री मात्र अजून नाही. पीचला हिवाळ्यात पुरेशी थंडी लागते, नाहीतर फुलं मागेपुढे येतात, तेव्हा एक उबदार हिवाळा जाऊ दे, मग बघू. नाव ठेवलेलं नाही, लेबलवर नुसता नंबर आहे, भाऊ त्याला 'आंबट्या' म्हणतो.